‘समजलें ना?’

‘समजलें ना?’ हा प्रश्न मीं गेल्या तीस वर्षांत वर्गांत किती वेळां विचारला असेल, याचा हिशेब नाहीं. त्याचें उत्तरहि ठरलेलें असतें. शंभर माना एकदम हलतात, मी खडू खालीं ठेवतों, आणि शिकविल्याच्या समाधानांत घंटेची वाट पाहतों. या समाधानाला पहिला तडा गेला तो माझ्या कॉलेजांत नव्हे. अमेरिकेंत, ह्यूस्टन शहरीं, मजुरांच्या एका वर्गांत!

गेल्या उन्हाळ्यांत मी धाकट्या बहिणीकडे गेलों होतों. ती तेथें डॉक्टर आहे. तिच्या शेजाऱ्याच्या घराचें छप्पर नवें करण्याचें काम चाललें होतें. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास अशा देशांतून आलेले पांच-सहा मजूर भर उन्हांत त्या उतरत्या छपरावर वावरत होते. त्यांतील एका पोरग्याच्या अंगावर सुरक्षेचा पट्टा होता. पण त्याचा दोर कोठेंच बांधलेला नव्हता. गळ्यांत ताईत असावा तसा तो पट्टा! दुपारीं तो पाणी मागावयास आला, तेव्हां बहिणीनें त्याला स्पॅनिशमध्यें विचारलें, “तुला हें कोणी शिकविलें नाहीं का?”

“शिकविलें कीं! इंग्रजींत एक फिल्म दाखविली आणि कागदावर सही घेतली.”

अमेरिकेंत कायदा नाहीं असें नव्हे. कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा तेथें १९७० सालीं झाला. बांधकामावर सहा फूट वा अधिक उंचीवर चढणाऱ्यास पडण्यापासून संरक्षण हवें, असा नियम आहे. शिक्षण मजुराला समजेल अशाच भाषेंत दिलें पाहिजे, हेंहि सरकारी खात्यानें २०१० सालीं स्पष्ट केलें. तरीहि २०२२ सालीं त्या देशांत कामावर झालेल्या अपघातांत मृत्यु पावलेल्या ५,४८६ जणांपैकीं १,२४८ जण लॅटिनो होते.

पुढच्या रविवारीं बहीण मला एका चर्चच्या सभागृहांत घेऊन गेली. तेथें मजुरांचा वर्ग भरतो आणि उन्हाच्या झटक्यावर ती त्यांच्याशीं बोलते. शिकविणारी बाई स्वतः पूर्वीं बांधकामावर राबलेली. तिनें फळ्यावर एक घर काढलें, तांबडा खडू पुढें केला आणि म्हटलें, “जेथें तुम्हांला भीति वाटते तेथें खूण करा.” एकेक जण उठला. शिडीचा पाय, छपराची कड, विजेची तार—घर तांबड्या ठिपक्यांनीं भरून गेलें. नंतर तिनें प्रत्येकाला पट्टा घालून दोर बांधावयास लावलें. ‘समजलें ना?’ असें तिनें एकदाहि विचारलें नाहीं. ग्वाटेमालाचा एक तरुण प्रत्येक वाक्याला ‘सी, सी’ म्हणत होता; पण पट्टा त्यानें उलटा घातला. त्याची मायबोली तेथल्या आदिवासींची. स्पॅनिशहि त्याला परकीच! मग त्याच्या गांवच्या सोबत्यानें त्याला सारें पुन्हा सांगितलें.

अखेरीस एक प्रौढ मजूर उभा राहिला. “बाई, दोर बांधतां येतो. पण दोराशिवाय चढणार नाहीं असें मुकादमाला सांगितलें, आणि उद्यां त्यानें बोलावलेंच नाहीं तर?”

सभागृह शांत झालें. हा खरा प्रश्न, आणि तो कोणत्याहि फिल्ममध्यें नसतो. तक्रारीबद्दल मालकाला सूड घेतां येत नाहीं, घेतल्यास तीस दिवसांच्या आंत सरकारी खात्याकडे दाद मागावी, हें बाईनें सांगितलें. पण कायदा आहे म्हणून भय संपतें, असें ढोंग तिनें केलें नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “एकट्यानें सांगूं नका. चौघांनीं मिळून सांगा.” आणि मग ‘नाहीं’ कसें म्हणावयाचें, याचा सराव तिनें त्यांच्याकडून करून घेतला.

माझ्या विद्यार्थ्यांकडून ‘नाहीं’ म्हणण्याचा सराव मीं कधीं करून घेतला होता? माझ्या वर्गांत न समजल्याची शिक्षा चार गुण; तेथें ती एक आयुष्य!

परत आल्यापासून मी तो प्रश्न टाळूं पाहतों. जीभ मात्र जुनीच. घंटेच्या सुमारास तो हटकून ओठांवर येतो. तेव्हां तो पट्टेवाला पोरगा आठवतो. त्या रविवारीं मीं त्याला सभागृहांत शोधलें होतें. बहिणीनें बोलावूनहि तो आला नव्हता. सुट्टीच्या दिवशींहि त्याला कोणत्याशा छपरावर काम होतें.