काच खाली घे

महिंद्रा एक्सयूव्ही७०० घेताना घरात वाद एकच: एएक्स७ की एएक्स७ एल? 'एल'मध्ये ३६० अंशांचा कॅमेरा आणि सोनीचे १२ स्पीकर. मला धाकटीच्या सीटसाठी आयसोफिक्स हवं होतं, ते दोन्हींत होतं. मुलाने स्पीकरसाठी हट्ट धरला. 'एल' घेतली.

त्यागराज आराधनेला तंजावरहून तिरुवैयारुला निघालो. गुडघेदुखीमुळे सासूबाई मधल्या रांगेत. मुलाने ऐटीत पंचरत्न कृती लावल्या.

कावेरीकाठी गाडी थांबली, तशा सासूबाई म्हणाल्या, "बाळा, ते बंद कर. काच खाली घे."

बाहेर शेकडो गळे एकसुरात गात होते. सासूबाईंनी डोळे मिटले. मुलगाही गप्प ऐकत राहिला.

काच तर स्वस्तातल्या मॉडेलचीही खाली होते!