खुंटा हलवून

ओतूरहून मढकडे जाताना एका लहान पुलावर डांबराचा जोड जरा वर राहिला आहे. पंधरा वर्षं त्यावरून येतोय-जातोय, कधी जाणवला नव्हता. त्या सकाळी जीपचं पुढचं चाक त्यावर चढून उतरलं आणि हातात धरलेली मासळी उसळावी तसं स्टिअरिंग उसळायला लागलं. वेग साठ-पासष्ट असेल. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे इतक्या जोरात फडफडत होती की बॉनेटवर थरथरणारी ऊन-सावली दिसत होती. शेजारी आई. तिने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. तोंडातून शब्द काढला नाही. मी ब्रेक जोरात दाबला नाही, सगळा भार पुढे येऊन ती थरथर आणखी वाढली असती. पाय उचलला, गाडीला आपसूक हळू होऊ दिलं. काटा पंचविसाच्या खाली आला तेव्हा कंप जसा आला होता तसाच गेला. रस्त्यालगत पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी अगदी निश्चल होतं. माझे हात कितीतरी वेळ स्थिर झाले नाहीत.

महिन्यापूर्वीच जीप उंच करून घेतली होती. आमच्या शेताकडे जाणारी पाणंद पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी इतकी खोल होते की पुढच्या ॲक्सलचं पोट मधल्या वरंब्यावर टेकतं आणि गाडी तिथेच बसते. ॲक्सलचं पोट जमिनीपासून उंच करायचं तर मोठे टायर हाच उपाय. मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा हवी, म्हणून स्प्रिंगच्या पाट्याच्या पुढच्या टोकाचे शॅकल, म्हणजे पाटा चासीला टांगणाऱ्या पट्ट्या, दोन इंच लांब केले. शॅकल दोन इंच वाढला की गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि ॲक्सल मधोमध असतो. हा हिशोब मी केला होता. त्याच दोन इंचांचा दुसरा हिशोब माझ्या मनातही आला नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. चाकं बॅलन्स करून आणली. पण बॅलन्स बिघडलेलं चाक ठरावीक वेगाला हळूहळू थरथरायला लागतं, त्याला पुलावरच्या जोडाचा धक्का लागत नाही. हे दुखणं वेगळं होतं. धक्का लागल्यावर उठायचं आणि वेग उतरल्याशिवाय थांबायचं नाही. स्टिअरिंगला डॅम्पर बसवा, असं बहुतेकांनी सांगितलं. दगडधोंड्यांचे हिसके हातापर्यंत येऊ नयेत म्हणून डॅम्पर चांगलाच. पण आतलं काहीतरी ढिलं असताना तो बसवणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता ताप उतरवायची गोळी घेणं. ज्या गाडीत आई शेजारी बसते तिच्यात मला असा उतरवलेला ताप नको होता.

या थरथरीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. 1920च्या दशकात मोटारींना फुगीर टायर आले आणि पुढची चाकं नाचायला लागली. तेव्हाच्या एका नाचावरून तिला ‘शिमी’ म्हणायला लागले. जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने 1925 मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला, आणि पुढे 1966 मध्ये हान्स पासेका यांनी डेल्फ्टला याच विषयावर प्रबंध सादर केला. एका पुलावरच्या माझ्या अर्ध्या मिनिटाच्या भीतीवर इतक्या बुद्धिमान माणसांनी आयुष्याची वर्षं घालवली, हे वाचून मला खरोखर धीर आला.

ती कशी उठते ते भोवरा फिरवलेल्या कुणालाही कळेल. फिरता भोवरा एका बाजूला ढकलला तर तो त्या बाजूला पडत नाही, काटकोनात वळतो. जीपच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एकच सलग ॲक्सल असतो. एक चाक धक्क्याने वर उचललं गेलं की सगळा ॲक्सल कलतो, आणि कललेली फिरती चाकं भोवऱ्यासारखी बाजूला वळतात. वळली की टायर त्यांना परत ओढतो, ती पलीकडे जातात, ॲक्सल उलटा कलतो. याला लागणारी ताकद गाडीच्या धावण्यातूनच मिळते. म्हणून ती आपणहून थांबत नाही. मधे कुठे ढिलाई असेल तर प्रत्येक हेलकाव्याला आणखी थोडी जागा मिळते.

ती ढिलाई शोधायला दोन माणसं लागतात. एका रविवारी आईला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. गाडी चाकांवरच उभी, इंजिन बंद. “आई, स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहा. जास्त नको.” मी खाली उताणा पडून एकेका सांध्यावर बोट ठेवत गेलो. जिथे एक भाग हलतो आणि जोडलेला दुसरा क्षणभर मागे राहतो, तिथे खेळ. डोळ्यांना चुकतं ते बोटाला कळतं. ड्रॅग लिंकचे सांधे घट्ट होते. टाय रॉडची टोकं ठीक. स्टिअरिंग बॉक्स चासीला घट्ट धरून होता, पाट्यांच्या बुशांमध्ये काही नव्हतं. वरून आईने विचारलं, “अरे, सापडतंय का काही?” पाठीखालच्या मातीचा गारवा आणि डोक्यावर तिच्या हातांची लय. दळणाची लय अशीच असावी. लहानपणी पहाटे मी ती झोपेत ऐकलेली आहे.

मग पुढची बाजू जॅकने उचलून घोडीवर ठेवली. डावं चाक वर-खाली धरून हलवलं, तर बारीकसा ठक. हा खेळ चाकाच्या बेअरिंगचा की किंग पिनचा, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. आईला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेकने चाक आणि हब पकडून धरले की बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. इथे ठक तसाच राहिला. म्हणजे चाक ज्या पिनेवर वळतं ती पिनच आपल्या जागी सैल होती. आई खाली उतरली. तिने स्वतः चाक धरून हलवून पाहिलं आणि म्हणाली, “जात्याचा मधला खुंटा ढिला झाला की वरची पेड अशीच डुगडुगते. पीठ जाड पडतं. खुंट्याला चिंधी गुंडाळून बसवायचा.”

किंग पिनचं बेअरिंग बदललं, आणि चिंधीच्या जागी टोपीखालच्या पातळ शिमा कमी केल्या. मग टाय रॉड सोडवून रद्दीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगकाट्याने नकल, म्हणजे चाकासकट पिनेवर वळणारा भाग, ओढून बघितला. तो लटकत नको आणि आवळलेलाही नको. काटा ताणत जावा आणि नकल एकसारखा वळावा.

तरीही एक प्रश्न उरला. हे बेअरिंग काही महिनाभरात झिजलेलं नव्हतं, त्यावर वर्षानुवर्षांच्या खुणा होत्या. मग इतकी वर्षं गाडी सरळ कशी धावली?

सायकलचा पुढचा दांडा मागे कललेला असतो, हात सोडले तरी ती सरळ जायला त्याची मदत होते. जीपची किंग पिनही तशीच मागे कललेली असते. या जातीच्या गाड्यांमध्ये तो कल साधारण तीन अंशांचा. पाटा छत्तीस इंचांचा, आणि त्याचं पुढचं टोक मी दोन इंच खाली आणलं. तेवढ्याने ॲक्सल पुढे कलंडतो आणि जवळजवळ तीन अंश जातात. किंग पिनच्या टोपीवर कोनमापक ठेवलं. काटा जेमतेम अर्धा अंश दाखवत होता. पंधरा वर्षं ती ढिलाई या तीन अंशांनी सांभाळून घेतली होती, काही न बोलता. मी त्यांनाच काढून टाकलं होतं.

पाटा आणि ॲक्सलच्या मधे पाचर मारून कल परत आणता येतो. आमचा पाटा ॲक्सलच्या खाली आहे, म्हणून पाचरीचं जाड टोक पुढे. पण कल वाढवला की ॲक्सलचं मागचं तोंड खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टचा सांधा जास्त वाकून फिरतो, म्हणून सगळी भरपाई पाचरीवर टाकता येत नाही. मी शॅकलची वाढ एक इंचावर आणली आणि दोन अंशांची पाचर घातली. मोठे टायर काढून मधल्या मापाचे बसवले. पाणंदीत पावसाळ्यात गाडी अजूनही कधीतरी टेकेल. टेकली की उतरून फावडं घ्यायचं.

कोनमापक तीनच्या पुढे थांबलं. त्या संध्याकाळी आईला विचारलं, “येतेस?” ती पदर खोचून जीपमध्ये चढली. पूल आला. मी वेग साठवर आणला आणि तोच जोड त्याच चाकाखाली घेतला. एक धप्प झालं. पुढे खुबी फाट्याचं वळण. वळण संपता संपता मी पकड सैल केली, आणि स्टिअरिंग हळूहळू आपणहून सरळ झालं. आईचा हात दांड्यावर नव्हता. ती पाण्याकडे बघत होती.