विकास समितीची सभा

आज महाविद्यालय विकास समितीची सभा. 2016च्या विद्यापीठ कायद्यातलं कलम 97 सकाळीच पुन्हा वाचलं. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन सदस्य, त्यांत किमान एक महिला. वर्षाला किमान चार सभा. अंदाजपत्रकाची, नव्या पदांची शिफारस इथूनच संस्थेकडे जाते.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची बोली सगळ्यांदेखत लागते. आमचं अंदाजपत्रकही तसंच मोकळ्यावर वाचलं जावं, असं मला मनापासून वाटतं. आज प्रयोगशाळेच्या रसायनांची रक्कम प्राचार्यांनी बाबवार वाचली, तेव्हा फार बरं वाटलं.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मात्र समितीवरच्या शिक्षक सदस्यांच्या निवडणुकीत मत नाही. वर्ग तेही सांभाळतात. त्यांच्या मानधनाचा विषय पुढच्या सभेसाठी लेखी देते आहे.