मागच्या फळीची ऐपत

परवा भाचा दारात आला, तर त्याच्याआधी त्याचा वास घरात शिरला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळलं की येतो तो वास, जरा गोडसर, घशात बसून राहणारा. जुन्या लुनामागं धावताना लहानपणी सगळ्यांनीच घेतलेला. भाच्यानं हात पुसत सांगितलं, "पिपात पाणी भरून चालवून बघितली, मामा. एका दोरीत सुरू झाली. पंधराची हाय. होडीला हीच बसवावी म्हणूलालाव आमी."

तो आणि त्याचे तीन दोस्त भंडारवाडीच्या धरणावर, आमच्या रेणा प्रकल्पावर, मासे धरतात. नवी होडी घेतली आहे, वल्ही मारून खांदे भरून येतात, म्हणून मागं टांगायचं मशीन. त्यानं मला सहज विचारलं होतं. मी मात्र पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो आणि बराच वेळ माठापाशी उभा राहिलो.

मला तेव्हा नुसतं आभाळ दिसत होतं. हेच मला आधी आठवतं, नेहमी हेच. दहा वर्षांचा मी होडीच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यावर बसलेला, आणि समोर पाणी नाही, काठ नाही, बाभळी नाहीत, नुसतं पांढरं आभाळ. मांजरा धरणाच्या फुगवट्यात गेलेल्या शेताच्या कडेला माझ्या मामाचं गाव. मामाची होडी पत्र्याची, सपाट बुडाची, सांध्यांना डांबर लावलेली. बारा फूट लांब. मासळीच्या ठेकेदारानं तिच्या मागच्या फळीला पंधरा हॉर्सपॉवरचं मशीन कसलं होतं. मामा म्हणाला होता, पाचची पुरे. ठेकेदार म्हणाला, पाचनं बर्फ वितळतो. मासळी बर्फात घालून लातूरला जायची, पहिल्या जीपला गाठ पडली तर भाव, नाहीतर मातीमोल. मशीन मागं, पेट्रोलचा डबा मागं, चालवणारा मामाही मागं. म्हणून तोंड खाली राहावं यासाठी पुढं वाळूचं पोतं, आणि पोत्यावर मी. वजन म्हणून.

बर्फाचं निघालं म्हणून सांगतो. हे मशीन विकून जगभर पोचवणारा माणूस ओले एव्हिनरूड, जन्मानं नॉर्वेचा, वाढला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. 1906 च्या उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेलेला असताना बेसनं, जिच्याशी त्यानं पुढं लग्न केलं तिनं, आइसक्रीम मागितलं. तो वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला, परत येईतो आइसक्रीम वितळलं. त्या वल्ह्यांच्या रागातून त्यानं होडीच्या मागं टांगायचं इंजिन केलं असं सांगतात. त्याच्याआधीही तसलं इंजिन बनवणारे होते, पण 1909 पासून विकून नाव झालं ते याचं. त्याच्या पहिल्या मशीनची ताकद किती? दीड हॉर्सपॉवर. वजन 62 पौंड, म्हणजे 28 किलो. धंद्याची पत्रं आणि जाहिराती बेस बघायची. ही गोष्ट मी मोठेपणी वाचली तेव्हा ते दीड हॉर्सपॉवर वाचून माझे डोळे भरून आले. दीड! आणि आमच्या मामाच्या पत्र्याला पंधरा.

तर, आभाळ. मामानं मशीन ताणलं, मागचं बूड पाण्यात रुतलं, तोंड वर उठलं. पोतं आणि मी मिळून त्याला पुरलो नाही. घाबरून मी ओरडलो, आणि माझ्या ओरडण्यानंच मामानं एकदम मशीनचा जोर काढला. त्यात त्याची चूक नव्हती, कुणीही तेच केलं असतं. पण होडी थांबली तरी तिनं उठवलेली लाट थांबत नाही. ती मागून आली आणि मागच्या फळीवरून सरळ आत शिरली. वादळ नव्हतं, वारा नव्हता. आमचीच लाट. मशीनच्या वजनानं मागचा भाग आधीच पाण्याला टेकलेला, त्याला बुडायला तेवढं पुरलं. मामा कमरेइतक्या पाण्यात बसलेला दिसला, मग दिसला नाही, मग माझ्या सदऱ्याची कॉलर कुणीतरी ओढली. कटला आणि रोहू आमच्या भोवतीनं पाण्यात परत चालले होते, मेलेले, पोटं वर करून.

काठ जवळ होता. आम्ही वाचलो. ठेकेदार पळत आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मशीन कुठंय?"

पन्नाशी उलटली माझी, पण त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. पुढं त्यानं गळ टाकून मशीन काढलं, वाळवलं, दुसऱ्या होडीला लावलं. मामानं मात्र त्या दिवसानंतर मशीनला हात लावला नाही. मला टॉवेलात गुंडाळताना तो एवढंच म्हणाला, "होडीची ऐपत मागच्या फळीत असती, बाळा. मानसाच्या हौशीत नसती."

आमच्याकडं हॉर्सपॉवर हा शब्द पाण्यातूनच आला, पण होडीच्या नव्हे, विहिरीच्या. तीनची मोटार, पाचची मोटार, साडेसातची मोटार. सोयरीक जमवताना विहिरीवर कितीची आहे हे पावण्यांनी विचारायचं आणि बापानं छाती काढून सांगायचं. माझ्या वडिलांनी पाचची काढून साडेसातची बसवली. तीन तास चालणारी विहीर दीड तासात खडक दाखवू लागली. विहिरीला झरे तेवढेच होते. मग बोअर घेतलं, मग शेजाऱ्यानं त्याहून खोल घेतलं. आम्ही सगळ्यांनीच घेतलं. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी मामाच्या गावाला गेलो होतो, तर फुगवट्याच्या जागी भेगा पडलेली काळी जमीन आणि तिच्यावर पालथी घातलेली एक होडी. पाणी असताना जिथं मला आभाळ दिसलं होतं, त्या जागेवर मी चालत जाऊन उभा राहिलो.

पाच वर्षांनी तीच मांजरा उलटी फिरली. 28 सप्टेंबर 2021 ला धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि आमच्या तालुक्यात नदीकाठी अडकलेल्या माणसांना बोटींनी, हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. तेव्हापासून इथं होडी आणि मशीन या गोष्टी लोकांच्या बोलण्यात आल्या. मोठं बसवा, पुराला ओढ असते, असं सगळे सांगतात. ओढ असते हे खरंच आहे. पण बोटीवर ठोकलेल्या पाटीवर किती माणसं आणि किती हॉर्सपॉवर हे लिहिलेलं असतं, ते पूर आला म्हणून बदलत नाही. 8 ऑगस्ट 2019 ला सांगलीच्या ब्रह्मनाळमध्ये कृष्णेच्या पुरात बोट उलटून 17 माणसं गेली. मावतील त्याहून जास्त चढली होती. पाणी दारात आल्यावर कोण कुणाला उतर म्हणेल? म्हणून ते आकडे पाणी यायच्या आधी ठरलेले असावे लागतात.

पाटी नसेल तर काय करायचं, याचा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा एक हिशेब आहे. होडीची लांबी फुटात, मागच्या फळीची रुंदी फुटात, दोन्हींचा गुणाकार. 35 पर्यंत आला तर तीन हॉर्सपॉवर. 39 पर्यंत पाच. 42 पर्यंत साडेसात. 45 पर्यंत दहा. 52 पर्यंत पंधरा. होडी सपाट बुडाची, धारदार कडांची असेल तर एक पायरी खाली. आकडे बघून मी थबकलो होतो. तीन, पाच, साडेसात, दहा, हे तर आमच्या विहिरींवरचेच. मामाची होडी बारा फूट, फळी साडेतीन. बेचाळीस. म्हणजे साडेसात, आणि बूड सपाट म्हणून एक पायरी खाली.

पाच.

मामाला गुणाकार येत नव्हता. तो फळीवर वीत टाकून पाणी किती खाली आहे बघायचा, तेवढंच. हा कागद माझ्या हाती आला तोवर तो गेला होता. त्याला सांगायला हवं होतं, मामा, तुझं बरोबर होतं.

माठापासून परत आलो तेव्हा भाचा चहा संपवून बसला होता. मी कपाटातून टेप काढला आणि म्हणालो, चल. धरणावर वारं होतं. होडी काठाला ओढलेली. त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं. लांबी तेरा फूट. मागची फळी तीन फूट चार इंच. बूड सपाट. त्यानं मोबाइलवर गुणाकार केला आणि मला दाखवला, त्रेचाळीस आणि वर थोडं.

"म्हंजे दहाची, मामा?"

सपाट आहे रे, एक पायरी खाली. साडेसात. मशीनची लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय सुरू करायचं नाही, म्हणजे माणूस पडला तर मशीन बंद पडतं. होडीत तीन माणसं, चौथा काठावर. आणि लहान पोराला वजन म्हणून पुढं बसवायचं नाही, कधीच नाही.

पंधराचं तो उद्या परत करणार आहे.