कौलं कोणाची?

कोकणात कौलारू घरात वाढलेल्या माणसाला युग्लिफा समजावून सांगायला वेळ लागत नाही. खालच्या ओळीवर वरच्या ओळीची कड चढलेली, एकेक कौल शेजारच्याला धरून बसलेलं. फरक एवढाच, की हे सगळं घर माणसाच्या केसाच्या जाडीएवढं आणि कौलं काचेची. आत राहणारा एकटाच: एका पेशीचा अमीबा. घराला एकच दार, दाराभोवतीची कौलं दातेरी कडेची, आणि त्या दारातून बाहेर पसरलेले सुतासारखे बारीक पाय.

पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर जे हिरवं मखमली मॉस चढतं, ते चिमटीभर काढून बशीत पिळलं की हा प्राणी सापडतो. प्राणी म्हणायचं ते सवयीनं. तो प्राणीही नाही आणि वनस्पतीही नाही. मी गेली तीसेक वर्षं असलं गढूळ पाणी बघत आलो आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो युग्लिफाचा विभागणीआधीचा काळ. मिरगाआधी घर शाकारायचं म्हणून जादा कौलं मागच्या पडवीत रचून ठेवावीत, तसा हा जीव नवे खवले आधीच आत तयार करून ठेवतो. पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल आत घ्यायचं, पातळ पडद्याच्या पिशवीत साठवायचं आणि त्या पिशवीच्या साच्यात खवला घडवायचा. काचेच्या कारखान्यात भट्टी दीड हजार अंशांपर्यंत तापवावी लागते. इथे भिंतीवरच्या थंड ओलीत काम होतं. मग दारातून पेशीद्रव्याचा फुगा बाहेर येतो, साठवलेले खवले त्याच्यावर सरकत जाऊन आपापल्या जागी बसतात आणि तोंडाला तोंड लावलेली दोन घरं उभी राहतात. केंद्रक विभागतं, एक हिस्सा नव्या घरात जातो. लेक सासरी जाते ती घरासकट.

असे सिलिकाचे खवले करणारे एकपेशीय जीव पुष्कळ आहेत. गोड्या पाण्यातली सिन्युरा आणि मॅलोमोनास ही सोनेरी शैवालं, सूर्यासारखे किरण फुटलेले हेलिओझोआ, चाबकासारख्या शेपटीनं पोहणारे थॉमॅटोमोनास. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली खवला म्हणजे नुसती चकचकीत कड. १९५५ साली ब्रिटनमध्ये आयरीन मँटन यांनी सिन्युराचा खवला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, तेव्हा त्यावरची नक्षी जगाला कळली. तेव्हापासून जाती ओळखायच्या त्या खवल्यावरून, असा शिरस्ता पडला. तो आजही चुकीचा नाही. मॅलोमोनासच्या दोन जाती वेगळ्या करायच्या तर खवल्याच्या फोटोशिवाय इलाज नाही.

पण खवल्यावरून जात ओळखणं वेगळं आणि खवल्यावरून नातं जुळवणं वेगळं. हे मला पुस्तकानं नाही, एका फजितीनं शिकवलं. उमेदवारीच्या काळात मी एका ओल्या दरीतलं मॉस धुऊन, आम्लात उकळून, उरलेल्या खवल्यांवरून युग्लिफाच्या जातींची यादी केली होती. यादी एका ज्येष्ठ संशोधकांना दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "कौलं मोजलीत, पण घरं कोणाची होती ते पाहिलंत का?" परत जाऊन न उकळलेला नमुना पाहिला. त्यात बरीचशी घरं नेबेलाची निघाली. नेबेला हा अमीबांच्या पार निराळ्या शाखेतला. स्वतः खवले घडवत नाही. युग्लिफाला खातो आणि त्याची कौलं आपल्या छपरावर चढवतो. माझी अर्धी यादी चोरीच्या मालाची होती.

बाहेरच्या खुणेवरून नातं जुळवण्याची हीच चूक आमच्या शास्त्रानं मोठ्या प्रमाणावर केली होती, हे नंतर कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

१८६६ साली एर्न्स्ट हेकेलनं हेलिओझोआ, म्हणजे सूर्यजीव, हा गट मांडला. गोल देह आणि चहूकडे किरणांसारखे ताठ पाय, एवढी खूण पुरेशी होती. यातल्या अकँथोसिस्टिस या काटेरी सूर्यजीवाला १८६३ साली नाव दिलं ते हेन्री जॉन कार्टर यांनी, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर. जवळजवळ वीस वर्षं मुंबईत होते. नोकरी सांभाळून ते तळी उपसत. मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर त्यांनी १८४९ साली लिहिलं, तिथल्या सूक्ष्मजीवांवर १८५६ साली. इथल्या तळ्यांतला एक स्पंज आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो: युनापियस कार्टेराय. स्पंजाच्या अंगातल्या काचेच्या सुया पाहिलेला माणूस मायदेशी परतल्यावर काचेचे काटे असलेल्या पेशीकडे वळला, यात मला नवल वाटत नाही. (त्याच मुंबईत तेव्हा दुसरेही एक डॉक्टर एच. कार्टर होते, हेन्री व्हँडाइक. 'ग्रेज अ‍ॅनॉटमी'तली चित्रं त्यांची. लेखांत या दोघांची गल्लत झालेली मी पाहिली आहे.)

सूर्यजीवांचं कुटुंब शंभरेक वर्षं एकत्र नांदलं. मग पेशीच्या आतली रचना दिसू लागली, पुढे डीएनए वाचता येऊ लागला, आणि वाटण्या सुरू झाल्या. खवले नसलेला अ‍ॅक्टिनोफ्रिस डायटम शैवालांच्या भाऊबंदांत गेला. देठावरच्या जाळीदार पिंजऱ्यात बसणारी क्लॅथ्रुलिना युग्लिफाच्या बाजूला गेली. अकँथोसिस्टिस आणि त्याचे सोबती सागरी हॅप्टोफाइट शैवालांजवळ बसतात, असं २०१६ सालच्या अभ्यासानं दाखवलं. हॅप्टोफाइटांतले काही चुन्याचे खवले करतात. खडूचे डोंगर त्यांचेच. आणि पॉम्फोलिक्सोफ्रिस? मोत्यांसारखे सिलिकाचे गोळे अंगावर मिरवणारा हा जीव २०१९ साली बुरशीच्या जवळच्या नात्यातला ठरला. बुरशी प्राण्यांच्याच शाखेतली, म्हणजे अकँथोसिस्टिसपेक्षा तो तुमच्या-माझ्या जवळचा.

खवले कुठे घडतात ते पाहिलं असतं, तर शंका आधीच आली असती. सिन्युरात खवल्याची पिशवी हरितलवकाला चिकटून असते. थॉमॅटोमोनासमध्ये ती तंतुकणिकेला चिकटलेली. माल तोच, कारखाने निराळे. काच घडवण्याची विद्या अनेक कुळांनी आपापली कमावली, असं मानणं भाग आहे. मग इतक्यांना ती जमली कशी? सिलिकॉन पेशीच्या आतबाहेर नेणारी प्रथिनं अनेक दूरच्या शाखांत सापडतात. प्राचीन समुद्रात विरघळलेली सिलिका आजच्यापेक्षा खूप जास्त होती, तेव्हा ही प्रथिनं मुळात नको असलेलं सिलिकॉन बाहेर फेकण्यासाठी असावीत, असं २०१६ साली काही संशोधकांनी मांडलं. मला ते पटतं. कचरा उचलणाऱ्यांतल्या काहींनी पुढे त्याच कचऱ्यातून घरं बांधली, असा त्याचा अर्थ.

वय विचाराल तर सांगताना जपून बोलावं लागतं. ग्रँड कॅन्यनमधल्या सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत फुलदाणीच्या आकाराची सूक्ष्म कवचं आहेत, त्यातल्या काहींवर खवल्यांचे ठसे दिसतात. ते युग्लिफाचे पूर्वज, असं झटकन म्हणावंसं वाटतं. पण कॅनडात युकॉनमध्ये त्याहून जुने सुंदर खवले मिळाले, ते सिलिकाचे नाहीतच, फॉस्फेटचे आहेत. कौलं पाहून घर ठरवायची खोड इथेही आडवी येते. त्यामानाने उत्तर कॅनडातला जिराफ पाइप हा पुरावा भक्कम. तिथे हिऱ्यांच्या शोधात भोक पाडलं आणि हाती आला सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ. त्यात मॅलोमोनास आणि सिन्युराचे खवले आहेत. काही तर आजच्या जातींच्या खवल्यांशेजारी ठेवले तर वेगळे काढता येत नाहीत.

माझ्याकडे काचपट्ट्यांची एक लाकडी पेटी आहे. विद्यार्थिदशेतल्या अक्षरात तिच्यावर लिहिलंय, 'हेलिओझोआ'. आतल्या पट्ट्या आता चार निरनिराळ्या शाखांत वाटायला हव्यात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चार पेट्या आणल्याही होत्या. एका पट्टीवरचे खवले कोणत्या पेटीत घालायचे ते ठरेना, म्हणून त्या चारही पेट्या अजून रिकाम्या आहेत.