क्रॉसिंग

आमच्या घाटनांदूरच्या स्टेशनात गाडी कधीकधी उगाच थांबून राहते. परळी-विकाराबाद लाइन एकेरी, त्यामुळं समोरची गाडी येऊन बाजूला लागल्याशिवाय ही हलत नाही. उतारू खाली उतरून पाय मोकळे करतात, कुणी रेल्वेच्या नावानं बोटं मोडतं, आणि एखादा नेहमीचा माणूस तंबाखू मळत म्हणतो, "बिघडलं काही नाही, क्रॉसिंग हाय." प्रिंटर कसा चालतो, हे मला शेवटी या शब्दानं कळलं.

निवृत्त झाल्यावर मुलानं पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर आणून दिला. गावात बातमी पसरायला दोन दिवस पुरले. शेजारची पोरगी शिष्यवृत्तीचा अर्ज छापायला आली. बटण दाबलं आणि नेमकी लाइट गेली. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्या उशाला, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो उगाच नाही. लाइट आली, प्रिंटर मात्र मुका. पोरीनं पुन्हा बटण दाबलं, मी दाबलं, सौभाग्यवतींनीही येता-जाता एकदा दाबून पाहिलं. असं सात वेळा झालं. दुसऱ्या दिवशी प्रिंटर पोत्यात गुंडाळून अंबाजोगाईला नेला. तिथल्या एका दुकानदारानं तो न उघडताच निदान केलं, "गुरुजी, बोर्ड गेलाय. अडीच हजार." मी पोतं उचललं आणि परतीची जीप धरली.

मुलानं फोनवर सांगितलं ते असं. आपण छापायला दिलेला मजकूर थेट कागदावर जात नाही. विंडोजमधला 'प्रिंट स्पूलर' तो आधी रांगेत लावतो. लाइट गेली तेव्हा पहिला अर्ज अर्धवट अडकला आणि एकेरी लाइनीवर उभा राहिला. मागून आपण जेवढी बटणं दाबली, तेवढ्या गाड्या त्याच्या पाठीमागं. प्रिंटर धडधाकट, रूळ तेवढा अडलेला. उपाय म्हणजे 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन स्पूलर थांबवायचा, सिस्टिम 32 मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या फायली पुसायच्या आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. फायली पुसायला माझा हात धजावला नाही. चाळीस वर्षं कुणाचा कागद फाडला नव्हता. नुसता थांबवला आणि सुरू केला. क्षणभर शांतता, मग पोटातून घुर्र आवाज, आणि एकामागून एक सात अर्ज बाहेर. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा ऐकतोय की!"

तेव्हापासून माझी भीड चेपली. एप्रिलमध्ये कॉम्प्युटरनं नुसतं टूं-टूं-टूं सुरू केलं, पडद्यावर काही नाही. आमच्याकडं काळ्या रानाची धूळ बंद कपाटातल्या साडीच्या घडीतसुद्धा सापडते. ती रॅमच्या पट्टीवर बसली होती. प्लग काढून, पट्टी हलकेच उपसून, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, कण झटकले, पट्टी कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवली. सुरू! जन्मभर पोरांना ओरडलो की खोडरबर कमी वापरा.

सगळ्यात तिरकं दुखणं घड्याळाचं निघालं. तक्रार एक, कारण भलतंच. सातबारा काढायला बसलो तर एकही संकेतस्थळ उघडेना. कॉम्प्युटर म्हणे, हे सुरक्षित नाही. मला वाटलं व्हायरस. कोपऱ्यात पाहिलं तर तारीख 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवर रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर 2032. वीज नसताना कॉम्प्युटरची वेळ तोच सांभाळतो. तो मेला की यंत्राला जुनं साल आठवतं, आणि संकेतस्थळांची आजची प्रमाणपत्रं त्याला 'अजून लागू न झालेली' वाटतात. सेल मिळाला बाजारातल्या घड्याळवाल्याकडं, चाळीस रुपयांत. "कोणत्या घड्याळाचा?" त्यानं विचारलं. कॉम्प्युटरचा म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं.

पावसाळ्यात कागद अडकतो. कागद हवेतलं पाणी पितो, वाकतो, एकमेकांना चिकटतो; म्हणून उघडं पाकीट मी ज्वारीच्या पिठाशेजारी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि त्यावरून घरात कधीतरी वाजतंही. अडकलेला कागद ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेला, दोन्ही हातांनी, सावकाश ओढायचा. कागद उचलणारा रबरी रूळ गुळगुळीत झाला असेल तर ओलसर फडक्यानं पुसायचा. मात्र पावडर वितळवून कागदावर चिकटवणारा भाग दोनशे अंशांच्या आसपास तापलेला असतो, तिथं शूरपणा नको. आणि कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याचा डबा उघडायचाच नाही; प्लग काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो. हे दोन सोडले तर बाकीचं घरात होतं, असं माझं ठाम मत झालंय.

टोनर संपल्याची दवंडी प्रिंटर फार आधी पिटतो. पावडर एका कुशीला बसलेली असते. कार्ट्रिज काढून पाच-सहा वेळा आडवं हलवलं की आणखी बरीच पानं निघतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी 'पंचीकरण' कापडाच्या पासोडीवर लिहून काढलं. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असं सांगतात. अक्षर फिकं पडलं की त्यांनी दौत हलवली असेल का, असा विचार कार्ट्रिज हलवताना हटकून येतो. त्यांना 'शाई संपत आली' असं कुणी लाल दिवा लावून बजावत नव्हतं, एवढं मात्र खरं.

त्या सातांपैकी एक अर्ज पोरीनं नेला. सहा उरले, पाठकोरे. हा मजकूर त्यांच्याच पाठीवर लिहिला. पाचव्यावर संपला, एक शिल्लक आहे.