मुळांचा स्वभाव

माझे वडील न्हावी आहेत. एवढे साधे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली. प्रथम वर्षाला कुणी विचारले, की मी म्हणे, "वडिलांचं दुकान आहे." कसले, ते सांगत नसे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, हे सरांनी इतिहासाच्या तासाला सांगितले, तेव्हाही मी मान खाली घालून बसलो होतो. खरे तर ताठ बसण्याचा तो क्षण होता!

माझ्या मोठ्या भावाचे केस पंचविशीतच विरळ झाले. दोन स्थळांनी टक्कल पाहून नकार कळवला. तिसऱ्या वेळी दादा टोपी घालून मुलगी पाहायला गेला आणि परत आल्यावर कुणाशी बोलला नाही. दुकानात नवी खुर्ची घ्यायची म्हणून अण्णांनी भिशीत साठवलेले पैसे काढून दिले. २०२४ च्या एप्रिलात दादाने केसांचे रोपण करून घेतले. डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळासकट काढून ते पुढे एकेक करून लावतात.

दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता. तो वाचू शकणारा घरात मी एकटाच. उशा रचून अर्धवट बसून झोपायचे, मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहायचे, ऊन आणि घाम टाळायचा, आणि कितीही खाज सुटली तरी नख लावायचे नाही. संभाजीनगरचा एप्रिल! त्यात वीज गेली की आई रात्रभर पुठ्ठ्याने वारा घालायची. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, म्हणून ड्रममधले पाणी उकळून, गार करून, फडक्याने गाळून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी डोके धुवायचे होते. अण्णा पुढे आले.

"थोडं खोबरेल लावू का रे?"

"नाही अण्णा. तेल नाही, चोळायचं नाही. फक्त वरून फेस सोडायचा."

उभ्या आयुष्यात ज्यांनी हजारो डोकी चोळली, त्यांचे हात थरथरत होते. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होतो आणि अण्णा तांब्याने पाण्याची बारीक धार सोडत होते. माझे शिक्षण आणि त्यांचे कसब त्या दिवशी प्रथमच एका कामाला लागले. दहा-बारा दिवसांत खपल्या निघून गेल्या. अण्णांनी एकही ओढून काढली नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात लावलेले केसच गळू लागले. उशीवरचे केस पाहून दादा लहान मुलासारखा रडला. "पैसे पाण्यात गेले, अण्णा!"

असे होणारच, असे कागदावर लिहिले होते. केस गळतो, मूळ आत राहते, तीन-चार महिन्यांनी नवा केस येतो आणि पूर्ण फळ दिसायला वर्ष लागते. मी ते वाचून दाखवणार, तोच अण्णा म्हणाले, "येडा का काय? मूळ हाये तर केस येतोच. मी जन्मभर कापले, कुनाचे यायचे थांबले का?"

पुढे कुतूहलाने मी या विषयावर वाचले. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५९ साली मांडले, की केस कुठेही लावला तरी तो आपल्या मूळ जागेचा स्वभाव सोडत नाही. मागच्या केसांचा स्वभाव टिकून राहण्याचा, म्हणून ते पुढेही टिकतात. वाचता वाचता मी थबकलो. मीही असाच उपटून इथे लावलेला नाही का? आणि तग धरला असेल, तर तो कुणाच्या स्वभावावर?

दिवाळीपर्यंत दादाच्या कपाळावर कोवळे केस दिसू लागले. लग्न अजून ठरलेले नाही. दुकानातली खुर्चीही जुनीच आहे. परवा मित्र म्हणाला, "केस वाढलेत, कापायला कुठे जातोस?"

मी म्हणालो, "चल, आमच्या दुकानात. माझे वडील न्हावी आहेत."